प्लंबरच्या घरचं तुंबलेलं सिंक

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकण्याची सवय गेल्या महिन्याभरात चांगलीच लागली आहे, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नकोस.) तू, भाऊजी आणि मुलं खुशाल असाल. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं कमी झालं का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे. ते खोडलेलं तुला दिसेलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. फोन न करता पुन्हा पत्रच कशाला, असं वाटेल. तर आपल्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं बाबांना सगळं ऐकू जातं. एक्क्याऐंशीव्या वर्षी बाकी सगळं थकलं, पण कान मेले अजून तिखट आहेत. शिवाय फोनवर मी बाबांचं नाव काढलं की नेमकी तुझ्या दाराची बेल वाजते आणि तुला जावं लागतं. सहा वर्षं वाजते आहे ती बेल. पत्रात बेल वाजत नाही, म्हणून पत्र.

पत्रास कारण की, आपलं स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. हो, आपलंच. हसून घे. ज्या माणसाने चाळीस वर्षं अर्ध्या शहराची सिंकं मोकळी केली, त्याच्या घरचं सिंक काठोकाठ भरून तीन दिवस तसंच उभं होतं आणि त्यात कांद्याचं एक साल होडीसारखं फिरत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही पाण्यासकट पाहिला. तुला सिंकवरचा तो पुठ्ठा आठवत असेल, बाबांच्या हातच्या नियमांचा. ताटातला कण न कण आधी केरात. तेलकट भांडं आधी कागदाने पुसायचं, मग पाण्याखाली धरायचं. चहाचा चोथा सिंकमध्ये टाकणाऱ्याने तो स्वतःच्या बोटांनी काढायचा. (हा नियम तुझ्यामुळे झाला. तू सात वर्षांची होतीस आणि काढताना रडत होतीस. मी बघत होतो आणि मला फार मजा वाटत होती, त्याबद्दल आज माफी मागतो.) जाळी रोज उचलून झटकायची, आठवड्यातून एकदा कढत पाणी सोडायचं. आईला हे सगळं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं होतं म्हणे. ती सांगायची, की इतर बायकांना नवऱ्याने पहिल्यांदा काय सांगितलं ते आठवतं, मला जाळी आठवते.

तर अशा घरात सिंक तुंबलं. मला वाटलं, आता बाबा बाह्या सरसावतील, काठी आपटतील, माझ्या मऊ हातांचा उद्धार करतील. (ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवणाऱ्याचे हात मऊच असतात. मला लहानपणापासून 'वायसर' म्हणणारा माणूस माझ्याकडून पान्हा फिरवण्याची अपेक्षा का ठेवतो, हे मला कधीच कळलेलं नाही. वायसर नुसता दोन लोखंडांच्या मध्ये दबून बसतो आणि गळती थांबवतो. या घरात मी आयुष्यभर तेच केलं.) पण बाबा म्हणाले, "राहू दे. उतरेल आपोआप." ताई, हे वाक्य त्यांच्या तोंडून! 'आपोआप' या शब्दावर त्यांचा केवढा राग. आपोआप फक्त गळतं, बाकी सगळं करावं लागतं, असं ते दर गिऱ्हाइकाला ऐकवायचे. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मला वाटलं, वय झालं.

बाहेरून कुणाला बोलवायचीही सोय नव्हती. शहरातले निम्मे प्लंबर बाबांच्या हाताखाली तयार झालेले. त्यातला एक जरी येऊन आपल्या सिंकखाली डोकं घालून गेला असता, तरी दोन दिवसांत सगळीकडे बोंब झाली असती. मग मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचो आणि मगाने पाणी उपसून चोरासारखं बाथरूममध्ये नेऊन ओतायचो. तीन दिवस हा धंदा केला. चौथ्या दिवशी ग्रंथालयातल्या बाईंनी सुचवलं म्हणून सोडा आणि व्हिनेगर टाकलं. काय तो फेस! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला असता. पाणी मात्र तसूभर हललं नाही. मग कढत पाणी ओतलं. म्हणजे आता वर कढत आणि खाली गार असं तुंबलेलं पाणी झालं. शेवटी बाबांच्या पेटीतला रबरी पंप काढला, बाबा बाहेर बाकावर बसले असताना दार लावलं, आणि जीव खाऊन पंप मारले. वीसेक पंप झाल्यावर एकदम गुडगुड आवाज आला आणि पाणी चार बोटं खाली गेलं. मी देवाचे आभार मानले. ते चार बोटं पाणी कुठे गेलं, हा प्रश्न मला पडला नाही.

ते शेजारी गेलं होतं. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंचं आणि आपलं स्वयंपाकघर एका भिंतीला पाठ लावून आहे आणि दोन्ही सिंकं भिंतीतल्या एकाच पाइपात उतरतात, हे मला त्या दिवशी कळलं. (बाबांना अर्थात माहीत होतं. तो पाइप त्यांनीच बसवला आहे.) बाईंनी कापड बेतण्याआधी आटवायला म्हणून सिंकमध्ये भिजत घातलं होतं. पांढरंशुभ्र, सहा मीटर. माझ्या एकविसाव्या पंपाला आपल्याकडचा माल त्यांच्या जाळीतून वर आला आणि त्या कापडावर पसरला. बाई ते कापड तसंच दोन्ही हातांत धरून आमच्या दारात उभ्या राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "दादा, हा भात तुमचा आहे का बघा. आमच्याकडे गेले चार दिवस भात केलेला नाही."

मी छातीठोकपणे म्हणालो, शक्यच नाही. आमच्या घरातून शीतसुद्धा सिंकमध्ये जात नाही, पुठ्ठा वाचा. आणि ताई, खरंच तसं वाटत होतं मला. मी सकाळी दोघांचा स्वयंपाक करतो, बाबांचं ताट वाढून झाकून ठेवतो आणि कामावर जातो. संध्याकाळी येतो तर ताट, वाटी, पेला, सगळं घासून पालथं घातलेलं. रात्री ते नुसतं दूध घेतात, या वयात तेवढंच सोसतं म्हणतात. मागच्या पत्रात मी तुला काय फुशारक्या मारल्या होत्या! एक्क्याऐंशीव्या वर्षी स्वतःचं ताट स्वतः घासतात, भूकही बरी आहे, भात पुरत नाही म्हणून हल्ली मूठभर जास्त लावतो. ते पत्र असलं तर फाडून टाक. अंगावरचे कपडे ढिले झालेले मला दिसत होते. मी काय केलं, तर त्यांच्या पट्ट्याला दाभणाने दोन भोकं वाढवून दिली. हातातल्या कामापलीकडे न बघणारा माणूस तुला बघायचा असेल तर तो तुझा सख्खा भाऊ आहे.

बाई गेल्यावर (कापड मी धुऊन देतो म्हटलं, त्यांनी दिलं नाही, बरोबरच केलं) बाबा आत आले. त्यांनी पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून सिंकजवळ बसले. म्हणाले, आता खोलावंच लागेल. मी सिंकखाली शिरलो. ती जागा तुला ठाऊकच आहे. एका अंगावर पडायचं, मान भिंतीला, नाकासमोर पाइप. खाली बादली लावली. बाबा वरून सांगत होते, उलट नको फिरवू, हाताने सैल होतं, पान्हा कशाला, प्लास्टिक आहे ते. पण नेहमीसारखे ओरडत नव्हते. मला वाटत होतं, आपलंच बिंग फुटणार. कारण, आता तुझ्यापासून काय लपवायचं, तळणीचं उरलेलं तेल मी गेले कित्येक महिने गुपचूप सिंकमध्ये ओतत होतो. कागदाने कोण पुसत बसणार? वर गरम पाणी सोडलं की झालं, असा माझा हिशेब. ते तेल पुढे जाऊन गार होऊन पाइपाला आतून चिकटतं, हे पुठ्ठ्यावर दुसऱ्या नंबरला लिहिलेलं आहे. म्हणून शेवटचा आटा फिरवता फिरवता मी कबूल करून टाकलं, की बाबा, तेल मी टाकतो.

मग पाइपाच्या वळणावरचा, गाळ साठतो तो वाडगा हातात आला. आधी काळं पाणी आलं. मग एक गोळा आला, मुठीएवढा, माझ्या तेलात थिजून घट्ट झालेला. त्यात भात होता, पाव होता, भाजी होती. सांडलेला नव्हे, विसळताना गेलेलाही नव्हे. बोटांनी कुस्करून कुस्करून बारीक केलेला. कित्येक ताटांचा. त्यावर थोडं आणखी पाणी आलं आणि मग पाइप मोकळा झाला. मी ते बघत तसाच पडून राहिलो. बाहेर आलो तेव्हा मला बाबांकडे बघायचं नव्हतं, काहीतरी करायला हवं म्हणून मी ती भरलेली बादली उचलली आणि सिंकमध्ये ओतली. सिंकखालचा पाइप काढलेला होता, हे तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. सगळी घाण सरळ खाली आली आणि माझ्या पायांवरून पसरत बाबांच्या स्टुलापर्यंत गेली. एरवी या गाढवपणावर त्यांनी मला आठवडाभर पुरेल एवढं ऐकवलं असतं. त्यांनी फक्त पाय वर घेतले. मी त्या क्षणी जेवढा घाबरलो, तेवढा आई गेली तेव्हाही घाबरलो नव्हतो.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, "चार महिने झाले. चहा उतरतो, पाणी उतरतं. घट्ट काही घशाखाली जात नाही." मग केरात का नाही टाकलं? केर तू नेतोस, म्हणाले. बरोबर आहे. खिडकीतून टाकणं त्यांच्या स्वभावात बसत नाही. मग राहिलं सिंक. आणि ताई, त्यात त्यांना लाज वाटत होती ती न जेवल्याची नव्हे, सिंकची. चाळीस वर्षं लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं, तेच रोज दुपारी उभं राहून केलं. पण तेही किती शिस्तीने! थोडं थोडं कुस्करायचं, साबणाचं कोमट पाणी सोडायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. फरशी पुसताना मला म्हणाले, चार महिने चालवलं की नाही? दुसऱ्या कुणाचं आठ दिवसांत तुंबलं असतं. तुझं तेल नसतं तर आणखी सहा महिने गेलं असतं. मी हसलो. तेही हसले. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. (नळ सोडून रडण्याचा उपयोग नाही, त्यांना भिंतीतून ऐकू जातं. बाहेर आल्यावर त्यांनी पाणी वाया घालवल्याबद्दल बोलून दाखवलं.)

तुला कळवू का, असं मी तेव्हाच विचारलं होतं. नको म्हणाले. तिला वाटेल, म्हातारा बोलवायला निमित्त शोधतोय. आता तो सहा वर्षांपूर्वीचा विषय मी उकरून काढत नाही (काढतोच आहे). तू नव्या घरात सगळ्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावलंस. पाहुणे ताटावर बसलेले, आणि बाबा ओट्याखाली आडवे होऊन पाइपाचा उतार बघत होते. उतार कमी आहे, हे सांगून थांबले असते तर ठीक. त्यांनी पेटीतून हातोडा काढून नव्या कोऱ्या दोन फरश्या फोडल्या. भाऊजी जे बोलले ते कुणीही बोललं असतं. बाबा न जेवता पेटी उचलून निघाले, तेही त्यांच्या जागी ठीकच. चूक कुणाची, हे मी दोन लोखंडांच्या मधला माणूस सांगू शकत नाही. एवढंच सांगतो, की घरी येऊन ते म्हणाले होते, "पोरीला सारखा त्रास होईल रे त्या पाइपाचा." हे मी तुला सहा वर्षं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

असो. दुसऱ्याच दिवशी सुट्टी काढून मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तोंडातून दुर्बीण घालून बघावं लागेल, असं बाईंनी सांगितल्याबरोबर बाबा खुर्चीतून उठले. जुन्या पाइपात चोक काढायची स्प्रिंग घालायची नसते, म्हणाले, फुटतो. बाई तरुण आहेत, पण खमक्या. त्यांनी कागदावर घशापासून पोटापर्यंतचं चित्र काढून दाखवलं. बाबांनी त्यांचंच पेन घेतलं, वळण चुकलंय म्हणून दुरुस्त केलं (चुकलेलं नव्हतं), आणि विचारलं, तुमची नळी किती जाडीची? बाईंनी मिलिमीटरमध्ये सांगितलं. टोक मऊ की कडक? मऊ. अडकली तर जोर लावता की मागे घेता? मागे घेतो, जोर कधीच लावत नाही. यावर बाबा खाली बसले आणि मला म्हणाले, बाई कामाची आहे. तपासणी झाली. बाबा धीराने पडून होते, घेरी मला आली, आणि नर्सने खारं लिंबूपाणी दिलं तेही मलाच. आतला एक कण तपासायला पाठवला आहे. रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तोवर सगळं पातळ करून देतो आहे, तेवढं जातं.

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. सिंक मोकळं झालं, पाणी गरकन् फिरून जातं, बघत राहावंसं वाटतं. शेजारच्या बाई पुन्हा बोलायला लागल्या आहेत. त्यांना मी त्यांच्या मापवहीला कापडी बांधणी करून दिली. तेल मी आता बरणीत साठवतो आणि केरात देतो. तूही तसंच कर, आणि तुझ्या मुलांना सांग, की ताट आधी केरात झटकायचं आणि मग नळाखाली न्यायचं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला जे योग्य वाटेल ते.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांनी आत्ता आतल्या खोलीतून ओरडून विचारलं, "तिच्या ओट्याखालचं पाणी नीट जातं का, तेही विचार." पत्र तुला चाललं आहे हे त्यांना माहीत आहे. आता माझं ऐक. तुझं सिंक कितीही छान चालत असलं, तरी उत्तरात लिही, की जरा हळू जातं, बाबा, तुम्ही म्हणत होतात तसं. भाऊजींना दाखवू नकोस. दोन ओळी खोटं लिहिल्याने तुझं काही जात नाही.

आणखी एक. वर रिपोर्ट यायचा आहे असं लिहिलं, ते खरं नाही. तो काल दुपारीच आला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. कापायच्या पलीकडे गेलं आहे. फार तर दोन महिने, म्हणाल्या, आणि तेही अन्नासाठी नळी घातली तर. बाहेर बाकावर बाबा बसले होते, त्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, थोडा चोक आहे, निघेल. ताई, ज्या घरात भिंतच फोडावी लागणार असायची, तिथल्या गिऱ्हाइकाला धक्का बसू नये म्हणून बाबा पहिल्या दिवशी हेच सांगायचे, अगदी याच शब्दांत. पेटी धरून मागे उभा राहून मी ते शंभरदा ऐकलं आहे. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाले. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, ताईला पत्र टाक. घाबरवू नकोस. सिंकची गंमत लिही, हसेल ती. आणि शेवटी लिही, की घाई नाही.

म्हणून त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहितो, घाई नाही. तू हे वाचून झालं की निघ.